शिक्का आणि नाममुद्रा

संतांचे चरित्र वाचताना आपल्या मनाला एक सवय जडलेली असते. शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो. समाधीचे ठिकाण ठाऊक, पुण्यतिथी ठाऊक, चार अभंग पाठ. त्यामुळे बाळपणाचा अध्याय चालू असतानाच आपण त्या लेकराच्या डोक्यावर संतपणाचा मुकुट ठेवून मोकळे होतो. मग त्या लेकराला भीती वाटली असेल, आपण कोण हेच त्याला उमगत नसेल, घरातल्या माणसांनीच त्याला वेडे ठरवले असेल, हे सारे आपल्या नजरेतून निसटते. चरित्र हाती राहते आणि माणूस सुटतो.

आज ज्या मुलीविषयी लिहिणार आहे, ती पुढे संत बहिणाबाई झाली. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निराळ्या; या तुकोबारायांच्या शिष्या, शिऊरच्या बहिणाबाई. पण सज्जनहो, थोडा वेळ संत हा शब्द बाजूला ठेवू. कारण ज्या वयाची ही कथा आहे, त्या वयात तिला कोणी संत म्हणत नव्हते. लोक तिला जी नावे देत होते ती सगळी दुसऱ्याने ठोकलेल्या शिक्क्यांसारखी होती. आणि त्या शिक्क्यांच्या गर्दीत ती स्वतःला शोधत होती.

तिची हकिगत आपल्याला कळते ती तिच्याच तोंडून. आपल्या गाथ्यात तिने आत्मनिवेदन केले आहे. सतराव्या शतकातल्या मराठी बाईने आपले बाळपण, आपला संसार, आपला मार आणि आपला आनंद क्रमाने सांगावा, ही फार मोलाची गोष्ट आहे. अमेरिकी मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ साली हे निवेदन आणि तिचे अभंग इंग्रजीत नेले, तेव्हा परमुलखातल्या वाचकांनाही या आवाजाची ओळख झाली. आपल्याकडे तर तो कीर्तनातून चालत आलेलाच आहे.

बहिणेचा जन्म शके १५५० चा, म्हणजे इ.स. १६२८. गाव देवगाव, वेरूळच्या बाजूचे. आजचे देवगाव रंगारी. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. बोबडे बोल जेमतेम सरले असतील-नसतील तोच तिचे लग्न लागले. वर शिऊरच्या पाठकांच्या घरचा, तिशीतला बिजवर, वेदपाठी. त्या काळाची रीतच तशी होती. तिच्या कपाळी पहिले दोन शिक्के बसले, ते असे तिला काही कळण्यापूर्वी: कुलकर्ण्यांची लेक आणि पाठकांची बायको.

पण पहिला शिक्का फार दिवस टिकला नाही. भाऊबंदकीचा आणि देण्याघेण्याचा तंटा विकोपाला गेला आणि आऊजींना घरदार टाकून गाव सोडावे लागले. आई, वडील, भाऊ, पती आणि ही नऊ-दहा वर्षांची मुलगी अशी माणसे रात्रीतून बाहेर पडली. ज्या घरात दप्तर लिहिले जात होते, त्या घरची माणसे आता दारोदार भिक्षा मागू लागली. गोदाकाठ, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असा त्यांचा प्रवास झाला. पंढरीला विठोबाचे दर्शन झाले, तेव्हा त्या मुलीचे मन तिथून निघेना, असे ती सांगते. गाव सुटले, वतन सुटले, मान सुटला. एवढ्या लहान वयात तिने पाहिले, की लोक ज्याला आपली ओळख म्हणतात ती एका रात्रीत अंगावरून गळून पडू शकते. मोठ्या माणसांना हे उमगायला पुष्कळदा म्हातारपण यावे लागते.

फिरत फिरत हे कुटुंब कोल्हापुरास आले. बहिणा तेव्हा अकरा वर्षांची. हिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी त्यांना आसरा मिळाला. तिथे तिच्या पतीला एक सवत्स कपिला गाय दान मिळाली. वासराचा आणि बहिणेचा लळा असा जडला, की ती पाण्याला गेली तर वासरू मागे, ती कथेला गेली तर वासरू मागे. इतरांच्या हातून ते गवतही खाईना. परक्या गावात, मैत्रिणी नसलेल्या मुलीला एका मुक्या जिवाने आपले म्हटले. त्या वयातल्या मुलांना पुष्कळदा माणसांआधी एखादे जनावर समजून घेते. जनावर कुळ विचारत नाही, लग्न विचारत नाही, अधिकार विचारत नाही. ते फक्त हाताचा वास ओळखते.

त्याच दिवसांत कोल्हापुरात जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने चालू होती. समर्थ रामदासांसह ज्या पाच सत्पुरुषांना रामदासपंचायतन म्हणतात, त्यांतले हे एक. त्यांच्या कीर्तनात तुकोबारायांचे अभंग गायले जात. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या वेळी तुकोबा देहूत हयात होते. छापखाना आपल्या मुलखात नव्हता. देहू आणि कोल्हापूर यांच्यामधले अंतर आजच्या रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या घरात जाते. तरीही इंद्रायणीकाठच्या एका कुणबी वाण्याचा शब्द वह्यांतून उतरत, टाळकऱ्यांच्या कंठातून वाहत पंचगंगेच्या काठी एका अकरा वर्षांच्या मुलीपर्यंत पोहोचला. कीर्तनकाराचे काम काय, असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन. तो शब्दाचा हमाल आहे. ओझे कोणाच्या दारी उतरणार आहे, हे त्याला ठाऊक नसते.

एके दिवशी कीर्तनाला दाटी फार झाली आणि वासराला बाहेर नेऊन बांधले. ते हंबरू लागले. जयरामस्वामींच्या कानी हे गेले, तेव्हा त्यांनी वासराला आत आणवले आणि वासराच्या व त्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला. सभेत सर्वांसमक्ष एका थोर पुरुषाने तिची दखल घेतली. गावात त्याची चर्चा झाली. चर्चा घरी पोहोचली, तेव्हा तिचा अर्थ पार बदलून गेला होता. पती संतापला. त्याने तिला वेणी धरून मारले, बांधून घातले. आई-वडील तिथेच होते, पण जावयापुढे त्यांचे चालले नाही.

कीर्तनांतून हा प्रसंग येतो तेव्हा निरूपण चटकन पुढच्या चमत्काराकडे धाव घेते. मला वाटते, क्षणभर इथे थांबावे. मार खाणारी एक अकरा वर्षांची मुलगी आहे. तिचा अपराध एवढाच, की एका जागी तिला आपण कोणीतरी आहोत असे वाटले. ती संत होणार होती म्हणून तो मार पवित्र ठरत नाही. आणि ती संत झाली नसती, तरी तो मार तितकाच वाईट ठरला असता. तिने स्वतः तो लपवला नाही. आत्मनिवेदनात उघड सांगितला. मग आपण का लपवावा?

ती बांधलेली असताना गाय आणि वासरू दाण्यापाण्याला तोंड लावीनात. ती दोघे तिच्यासाठी उपाशी उभी राहिली, तेव्हा कुठे तिची सुटका झाली. पुढे थोड्याच दिवसांत वासरू गेले. बहिणा बेशुद्ध होऊन पडली. तीन दिवस गेले. आई-बाप उशापायथ्याशी बसून. त्या अवस्थेत तिला तुकोबारायांचे दर्शन झाले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, मंत्र दिला, असे तिचे निवेदन सांगते. कार्तिक वद्य पंचमी हा त्या अनुग्रहाचा दिवस. ज्यांना तिने डोळ्यांनी पाहिले नव्हते, ज्यांचे फक्त शब्द ऐकले होते, त्यांनाच तिच्या अंतःकरणाने गुरू म्हणून निवडले. तिच्या आयुष्यातला आजवरचा प्रत्येक संबंध दुसऱ्याने ठरवलेला होता. हा पहिला संबंध तिचा स्वतःचा.

आणि इथूनच शिक्क्यांचा पाऊस सुरू झाला. कोणी म्हणे मुलीला वेड लागले. कोणी म्हणे बाधा झाली. ब्राह्मणाची बायको असून शूद्राला गुरू मानते, ही नाचक्की. दुसरीकडे, तिला स्वप्नात अनुग्रह झाला हे कळताच लोक दर्शनाला येऊ लागले. त्यांनी तिला देव्हाऱ्यात बसवायची तयारी केली. वाचकहो, हा दुसरा शिक्काही शिक्काच. निंदेचा शिक्का टोचतो, म्हणून कळतो. स्तुतीचा शिक्का मऊ असतो, म्हणून कळत नाही. वेडी म्हणणाऱ्याने तिला विचारले नाही, की बाई, तुझ्या मनात काय चालले आहे. आणि पायावर डोके ठेवणाऱ्यानेही विचारले नाही.

पतीचे दुःख वेगळेच होते. आपण वेद शिकलेले ब्राह्मण; घरात हे टाळ-भजन कसले? स्वप्नात दिसलेला कोण हा तुका? आणि लोक येतात ते बायकोला नमस्कार करायला. आपल्याला तृणासमान लेखतात. हे सारे तिने त्याच्या बाजूने, त्याच्या मनात शिरून सांगितले आहे. ज्याने मारले त्याचीही तळमळ तिने लपवली नाही. मला तिच्या गाथ्यातली ही जागा फार मोठी वाटते. आपल्यावर शिक्के मारणाऱ्यांचा सूड म्हणून आपण त्यांच्यावर शिक्के मारतो. तिने पतीला दुष्ट असे एक नाव देऊन प्रकरण मिटवले नाही. त्याचा मत्सर, त्याची भीती, त्याचा लाजिरवाणा एकटेपणा, सगळे तिने पाहिले. जी स्वतः शिक्क्याखाली दबली होती, तिने दुसऱ्याला शिक्क्यातून मोकळे ठेवले.

त्याने घर सोडायचे ठरवले. तीर्थयात्रेला निघून जातो, हिचे तोंड पाहणार नाही, असे सासू-सासऱ्यांना सांगितले. आता बहिणेपुढे मोठा पेच पडला. बाईच्या देहाला आलेल्या जिवाने परमार्थ कसा साधावा? वेद ऐकायचा नाही, मंत्र उच्चारायचा नाही, पतीवाचून गती नाही, असे शास्त्र म्हणते. आणि पती तर निघून चालला. त्या वेळच्या तिच्या अभंगांत दोन्ही आवाज आहेत. कधी ती शास्त्राशी भांडते. कधी म्हणते, पतीची सेवा हाच माझा देव. समोर असलेला पती गमावून स्वप्नातला तुकाराम आणि दगडाचा विठोबा घेऊन मी काय करू? आजच्या वाचकाला हे शेवटचे बोल अवघड जातील. अवघड जावेत. तेरा-चौदा वर्षांच्या जिवाची ओढाताण सरळ रेघेत कशी मांडता येईल? तिने कोणाची बाजू घ्यायची म्हणून ओळख शोधली नाही. तिला पत्नीही राहायचे होते आणि तुकोबांची शिष्याही. या दोन्हींतून एकच निवड, असे जग तिला सांगत होते. ती म्हणत होती, मी या दोन्हींपेक्षा मोठी आहे, दोन्ही माझ्यात मावतात.

मग पती ज्वराने अंथरुणाला खिळला. महिनाभर अन्न नाही, औषध लागू पडेना. बहिणा रात्रंदिवस उशाशी. त्या आजारात एक वृद्ध ब्राह्मण आला आणि हिला का टाकतोस, असे त्याने विचारले, असे चरित्र सांगते. तो ब्राह्मण कोण, हे भाविकांना सांगायला नको. पण कोणीही असो, प्रश्न महत्त्वाचा. आजवर सगळे त्याला सांगत होते, हिने असे करू नये. हा पहिला, ज्याने त्याला विचारले, तू असे का करतोस? तो बरा झाला, आणि वेगळा होऊन उठला. वेदपाठी ब्राह्मणाने आपला अभिमान खाली ठेवला आणि स्वतःहून देहूची वाट धरली.

ही देहूची वाट मला या सगळ्या चरित्रातला सर्वांत गोड प्रसंग वाटतो. कारण या वाटेवर ती एकटी नाही. पती आहे, आई-वडील आहेत, भाऊ आहे, आणि कपिला गाईही बरोबर आहे. विचार करा, आऊजी आणि जानकी यांना आपल्या मुलीच्या मनात काय घडले ते कितपत कळले असेल? गावोगाव फिरलेली, थकलेली साधी माणसे ती. त्यांनी तत्त्वज्ञानाची चर्चा केल्याचे कुठे नाही. पण मुलगी बेशुद्ध होती तेव्हा ते बसून राहिले, जावई सोडून जायला निघाला तेव्हाही मुलीला दूर लोटले नाही, आणि ती देहूला निघाली तेव्हा गाठोडे बांधून मागे चालू लागले. समजणे आणि सोबत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजणे पुष्कळदा उशिरा येते. सोबत आधी देता येते.

देहूत विठ्ठलमंदिरात आरती चालू असताना तिने तुकोबारायांना प्रत्यक्ष पाहिले. स्वप्नात जे रूप पाहिले तेच हे. तुकोबांना डोळ्यांनी पाहून, त्यांच्या कीर्तनात बसून त्यांच्याविषयी लिहिणारी माणसे मोजकीच. त्यांत ही एक. म्हणून तुकोबांच्या चरित्राचा अभ्यास करणाऱ्यांनाही तिच्या गाथ्याचे दार ठोठवावे लागते.

पण देहूतही सगळे सुखाचे नव्हते. मंबाजी गोसावी तिथे होता. या कुटुंबाने आपले शिष्य व्हावे, असे त्याला वाटे. ब्राह्मण कुटुंबाने तुकोबांना गुरू म्हटले, याचा त्याला राग आला. त्याने छळ मांडला. त्यांची गाय कोंडून तिला मारले, आणि तिचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असे परंपरा सांगते. इथे मात्र एक फरक झाला होता. कोल्हापुरात बहिणा सोसत होती तेव्हा घर तिच्या विरुद्ध होते. देहूत छळ आला तेव्हा घर तिच्या बाजूला उभे होते. जो पती मारत होता, तोच आता लोकांचे बोल तिच्याबरोबर झेलत होता. त्रास तोच, पण भार वेगळा. बाहेरचे वादळ घराच्या भिंतीवर आदळते तेव्हा माणूस टिकतो. भिंतच अंगावर पडली तर कसा टिकेल?

देहूतच तिला काशी ही मुलगी झाली. आणि देहूतच, इंद्रायणीच्या काठी, तिला कवित्वाची स्फूर्ती झाली. तुकोबांच्या कृपेने शब्द वाहू लागले. आता आपण मुद्द्यावर येतो.

वारकऱ्यांना नाममुद्रा म्हणजे काय ते सांगायला नको. अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचे नाव येते. राजाच्या पत्रावर मुद्रा असते, त्याशिवाय ते पत्र खरे नाही, तसे अभंगाचे. शिक्का आणि मुद्रा हे दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण माणसाच्या बाबतीत त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिक्का दुसरा मारतो. मुद्रा आपली आपण उमटवतो. जनाबाईंनी आपल्या मुद्रेत नामदेवरायांचे नाव घेतले, सोयराबाईंनी चोखोबांचे. त्यांनी आपले नाते प्रेमाने मुद्रेत गोवले, आणि ते नाते त्यांना शोभते. बहिणेने काय घेतले? पाठकांचे नाव घेतले नाही. कुलकर्ण्यांचे घेतले नाही. तुकोबांवर एवढा जीव, पण त्यांचेही नाव मुद्रेत ओढले नाही. ती म्हणते, बहिणी म्हणे. बस, दोन शब्द. पाळण्यातले नाव आणि म्हणण्याचा अधिकार. अकराव्या वर्षी जिला म्हणण्याचा अधिकार नव्हता, जिला बांधून घातले होते, ती आता म्हणते, आणि आपल्या नावाने म्हणते. या दोन शब्दांपर्यंतचा प्रवास, हीच तिची खरी वारी.

या अधिकाराचा तिने काय उपयोग केला, तेही पाहण्यासारखे आहे. सामवेदाचे मानले गेलेले वज्रसूची नावाचे एक छोटे उपनिषद आहे. वज्रसूची म्हणजे वज्राची सुई. बौद्ध परंपरेतही अश्वघोषाच्या नावावर याच नावाचा आणि याच विषयावरचा ग्रंथ सांगितला जातो. त्या उपनिषदात एकच प्रश्न आहे: ब्राह्मण कोण? बहिणाबाईंनी तो विचार मराठी अभंगांत आणला. ज्या घरात वेद ऐकण्याचा अधिकार नाही असे तिने ऐकले, त्याच घरात तिने उपनिषद मायबोलीत उभे केले.

त्यातला युक्तिवाद सुईसारखाच सरळ आहे. जीव हा ब्राह्मण म्हणावा, तर एकच जीव कितीतरी देहांतून फिरतो. देह ब्राह्मण म्हणावा, तर सर्वांचा देह त्याच पंचमहाभूतांचा, त्याच जरामरणाचा. शिवाय वडिलांच्या देहाला अग्नी देणाऱ्या मुलाला ब्रह्महत्या लागली असती. जात म्हणावी, तर व्यास कोळ्याच्या मुलीपोटी, ऋष्यशृंग हरिणीपोटी, अगस्ती कलशातून, वाल्मीकी वारुळातून. त्यांचे ऋषिपण कोणी नाकारले? ज्ञान म्हणावे, तर क्षत्रियांतही ज्ञानी झाले. कर्म, दानधर्म म्हणावा, तर तो सर्वच करतात. असे एकेक आवरण सुईने टोचून गळून पडते, आणि शेवटी उरतो तो आत्मस्वरूप जाणणारा. तोच ब्राह्मण.

हे अभंग वाचताना मला कोल्हापूरचे ते घर आठवते. आम्ही ब्राह्मण, आणि तू शूद्राला गुरू करतेस? पतीच्या त्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. पण उत्तर देताना तिचा आवाज चढत नाही. ती पतीला हरवत नाही, शास्त्राला जाळत नाही. शास्त्राच्याच सुईने शास्त्रावरचा मळ टोचून काढते. ज्या प्रश्नाने तिला लहानपणी मार बसला, तो प्रश्न तिने मोठेपणी सर्वांसाठी सोडवून ठेवला.

पुढे ती शिऊरला आली. विठोबा नावाचा मुलगा झाला. शके १६२२, म्हणजे इ.स. १७०० मध्ये, बहात्तराव्या वर्षी तिने देह ठेवला. समाधी शिऊरला आहे. अखेरच्या दिवसांत मुलाला जवळ बसवून तिने आपले मागचे बारा जन्म सांगितले, आणि हा तेरावा म्हटला. बारा वेळा जग निराळी नावे देऊन गेले. ती नावे बदलली, शोधणारी एकच राहिली.

आता थोडे आजचे बोलतो. सप्ताहात कीर्तन उरकून मी बसलो, की एखादे आई-बाप चौदा-पंधरा वर्षांचे पोर पुढे करत. म्हणत, महाराज, याला चार शब्द सांगा. अभ्यासात लक्ष नाही, हट्टी आहे, घरात कोणाशी बोलत नाही. पोर खाली मान घालून अंगठ्याने जमीन उकरत उभे. एका दमात तीन शिक्के, आणि तेही चारचौघांत. मी त्या पोराला चार शब्द सांगत नसे. त्याला जवळ बसवून विचारत असे, तुला काय आवडते? कोणी पखवाजाचे नाव घेई, कोणी बैलाचे, कोणी यंत्रांचे. एका मुलीने हळूच सांगितले, मला गाता येते पण घरी हसतात. आई-बाप चकित होऊन ऐकत. त्यांना हे ठाऊक नसायचे. घरातल्या घरात इतके अंतर असू शकते.

मुलांना या वयात प्रश्न पडतात. मी कोण, मला काय व्हायचे, मी इतरांसारखा का नाही, माझे मन घरच्या रीतीत का बसत नाही. काही प्रश्न साधे असतात, काही आपल्याला झेपत नाहीत असे असतात. आपण घाबरतो, आणि घाबरलेला माणूस चटकन नाव देऊन मोकळा होतो. टक्क्यांचा शिक्का, जातीचा शिक्का, मुलगी असल्याचा शिक्का, बिघडल्याचा शिक्का. हुशारीचा शिक्काही तितकाच जड; तो सांभाळता सांभाळता कितीतरी लेकरे थकून जातात. बहिणेची कथा आपल्याला सांगते, की मुलाला लगेच समजलेच पाहिजे असे नाही. जानकीबाईंना तरी कुठे सगळे समजले होते? पण त्यांनी अंथरुणाशी बसून राहणे सोडले नाही. आणि ज्यांचा हात एकदा उगारला गेला आहे, त्यांनाही ही कथा एक वाट दाखवते. पाठकांचा तो वेदपाठी गृहस्थ शेवटी देहूला गेलाच. उशीर झाला, पण गेला. उगारलेला हात टाळ धरू शकतो.

मुलाची मुद्रा आपण कोरून द्यायची नसते. ती त्याने स्वतःच कोरायची. आपण एवढेच करायचे, की तो कोरत असताना दिवा धरायचा आणि हात हलू द्यायचा नाही. येत्या एकादशीला आपल्या घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवा, एकही विशेषण न लावता फक्त त्याचे नाव घेऊन हाक मारा, आणि तो काय म्हणतो ते ऐका. पहिले दोन-चार दिवस काहीच म्हणणार नाही. बसून राहा.

रामकृष्णहरि.